श्रम, पत आणि हिशेब : ‘कमवा आणि शिका’ परंपरेचा इतिहास व बुऱ्हाणपुरातील उन्हाळी रंगकाम

विषय आणि व्याप्ती

शिकणाऱ्या तरुणाने सुटीच्या दिवसांत स्वतःच्या श्रमावर पैसा मिळवावा आणि त्या पैशातून पुढील वर्षाच्या शिक्षणाचा भार शक्य तितका स्वतः उचलावा, ही कल्पना मराठी समाजाला परकी नाही. ‘कमवा आणि शिका’ या नावाने ती गेल्या शतकात साताऱ्याच्या भूमीत रुजली आणि तेथून महाराष्ट्रातील महाविद्यालये व विद्यापीठे यांपर्यंत पसरली. याच कल्पनेचे एक वेगळे रूप उत्तर अमेरिकेत १९७० नंतर घडले. तेथे महाविद्यालयीन विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत घरे रंगविण्याचा व्यवसाय ‘फ्रँचायझी’ पद्धतीने चालवू लागले. फ्रँचायझी म्हणजे प्रस्थापित व्यवसायाचे नाव, त्याची कार्यपद्धती आणि त्याचे प्रशिक्षण ठरावीक मोबदला देऊन, ठरवून दिलेल्या क्षेत्रापुरते वापरण्याचा परवाना होय.

प्रस्तुत लेखात मुख्यतः रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचा इतिहास मांडला आहे, तिच्या शेजारी विद्यार्थ्यांच्या उन्हाळी रंगकामाची पद्धती ठेवून दोहोंची तुलना केली आहे आणि बुऱ्हाणपूरसारख्या सीमावर्ती शहरात या दोन्ही अनुभवांचा मेळ कसा घालता येईल, याचा विचार केला आहे. बुऱ्हाणपूर हे भुसावळ–खंडवा लोहमार्गावरचे, जळगाव जिल्ह्याच्या रावेर व मुक्ताईनगर या तालुक्यांना जवळचे शहर असल्यामुळे येथील मराठीभाषक कुटुंबांचा शिक्षणासाठी खानदेशाशी जुना संबंध आहे, आणि म्हणून महाराष्ट्रातील शैक्षणिक परंपरेचा हा वारसा त्यांचाही आहे.

पार्श्वभूमी : वसतिगृहांची चळवळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचाराने बहुजन समाजात शिक्षणाची आस निर्माण केली, परंतु खेड्यातील मुलाला शाळेपर्यंत पोहोचणे अवघड होते, कारण माध्यमिक शाळा शहरात होती आणि शहरात राहण्या-जेवण्याचा खर्च शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होता. ही अडचण ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य दिले. वसतिगृह, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘बोर्डिंग’, हेच ग्रामीण मुलाच्या शिक्षणाचे प्रवेशद्वार आहे, ही जाण या चळवळीतून पक्की झाली. मात्र ही वसतिगृहे दात्यांच्या व संस्थानाच्या आश्रयावर चालत असल्यामुळे आश्रय आटला तर विद्यार्थ्याने काय करावे, हा प्रश्न उरलाच.

त्या प्रश्नाचे एक उत्तर त्या सुमारास जगात अन्यत्र शोधले जात होते. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या शाळेची धुरा हाती घेतली आणि तेथील विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून आपल्या शाळेच्या इमारती उभ्या केल्या. भारतात १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची ‘नई तालीम’ मांडली. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा या तिच्या कलमावर मुलांच्या श्रमाचे शोषण होईल असा आक्षेपही त्याच काळात घेतला गेला. रयत शिक्षण संस्थेचे काम या दोन प्रयोगांच्या जवळचे असले, तरी वर्ध्याच्या परिषदेच्या आधीच ते सुरू झाले होते आणि त्याचा पाया वसतिगृहाच्या रोजच्या गरजेत होता.

संस्थापक आणि स्थापना

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर परिसरातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. कोल्हापुरातील शिक्षणाच्या काळात त्यांच्यावर शाहू महाराजांचा प्रभाव पडला, परंतु औपचारिक शिक्षणात ते फार पुढे गेले नाहीत. पुढे उपजीविकेसाठी त्यांनी ओगले, किर्लोस्कर आणि कूपर या उद्योगांसाठी काम केले. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रसार हा त्यातील महत्त्वाचा भाग होता. लाकडी नांगर पिढ्यान्‌पिढ्या वापरणारा शेतकरी लोखंडाच्या नांगराकडे प्रारंभी संशयाने पाहत असे. अशा मालाच्या विक्रेत्याला गावोगाव हिंडावे लागे, माणसे ओळखावी लागत आणि कारखान्याच्या नावाला आपल्या शब्दाची जोड द्यावी लागे. या हिंडण्यातून खेड्यांची आणि तेथील मुलांच्या अडचणींची त्यांना जी ओळख झाली, तिचा उपयोग त्यांच्या शैक्षणिक कार्याला झाला. संस्थेच्या इतिहासात या विक्रेतेपणाकडे सहसा पोटापाण्याचा उद्योग एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. वस्तुतः दुसऱ्याच्या नावावर, ठरावीक मुलखात, स्वतःच्या बळावर धंदा उभा करणे म्हणजे काय, हे संस्थापकाने अनुभवाने जाणले होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९१० च्या सुमारास दूधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत केलेल्या शैक्षणिक प्रयत्नानंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. ‘रयत’ म्हणजे सामान्य कष्टकरी प्रजा. तिच्याच मुलांसाठी, तिच्याच आधारावर शिक्षण, हे या नावातून सूचित होते. संस्थेने वटवृक्ष हे बोधचिन्ह स्वीकारले आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य आपल्या कार्याचे सूत्र मानले.

साताऱ्यातील वाढ (१९२४ ते १९४०)

१९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू झाले. एका छपराखाली राहणे आणि एका पंगतीत जेवणे ही त्या काळी सामाजिक दृष्ट्या धाडसाची गोष्ट होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. वसतिगृहाचा संसार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपला मानला, आणि मुलांच्या जेवणाची तजवीज करताना त्यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडले ही हकिकत संस्थेच्या स्मृतीत आदराने जपली गेली आहे.

अशा ओढाताणीतून वसतिगृहाची श्रमव्यवस्था घडली. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे ही कामे विद्यार्थी पाळीपाळीने करीत आणि शेत व बाग यांतही राबत. येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, हे काम शिक्षेचे वा प्रतीकात्मक नव्हते. विद्यार्थ्याने ते केले नाही तर सर्वांच्या ताटावर त्याचा परिणाम होत असे, म्हणजेच ते खरे काम होते. दुसरी अशी की, पाळी सर्वांना सारखी लागू होती. ज्या कामाला समाजाने हलके ठरविले होते ते काम उच्च मानल्या गेलेल्या जातीच्या मुलालाही करावे लागले, आणि त्यामुळे श्रमाची प्रतिष्ठा हा विषय व्याख्यानातून नव्हे तर दिनक्रमातून शिकविला गेला.

१९३२ मध्ये पुण्यात ‘युनियन बोर्डिंग’ सुरू झाले. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात ग्रामीण प्राथमिक शिक्षक घडविणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज उघडण्यात आले. १९४० मध्ये साताऱ्यातच महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत व निवासी विद्यालय स्थापन झाले आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व माध्यमिक शिक्षणाच्या पायरीवर प्रथमच संपूर्ण शाळेची घडी म्हणून अमलात आले. ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घेतला पाहिजे : शिक्षणाचे मोल कोणीच देत नव्हते असे नाही, ते विद्यार्थी आपल्या हातांनी देत होता आणि उरलेले संस्था समाजाकडून मिळवीत होती.

महाविद्यालयीन टप्पा

१९४७ च्या जूनमध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि उच्च शिक्षणाच्या पायरीवरही श्रमावर आधारलेल्या शिक्षणाची परीक्षा झाली. १९५४ मध्ये कराड येथे संत गाडगे महाराजांच्या नावाने दुसरे महाविद्यालय निघाले. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या संताचे नाव उच्च शिक्षणाच्या संस्थेला देण्यात श्रमाविषयीची संस्थेची भूमिका पुरेशी स्पष्ट होते. पुढे रयत शिक्षण संस्थेचे अध्यक्ष झालेले प्रा. एन. डी. पाटील यांनी १९५४ ते १९५७ या काळात साताऱ्याच्या महाविद्यालयात अध्यापन करताना ‘कमवा आणि शिका’ योजनेचे प्रमुख म्हणून काम पाहिले. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि कालांतराने शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. वसतिगृहात पाळी करणारा मुलगा विद्यापीठाच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचू शकतो, याचा हा ठळक पुरावा होय.

पुणे विद्यापीठाने १९५९ मध्ये भाऊरावांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली आणि त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर या योजनेने संस्थेची सीमा ओलांडली. पुणे विद्यापीठात ती कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याच नावाने राबविली जाते, आणि अन्य विद्यापीठांनीही तिचे अनुकरण केले आहे. तिचे आजचे सर्वसाधारण रूप असे आहे की, गरजू विद्यार्थी दिवसातील मोजके तास ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत वा बागेत काम करतो आणि त्याला तासाच्या दराने मानधन मिळते. या रूपाने असंख्य मुलामुलींना शहरात टिकून राहता आले, हे त्याचे मोठे यश आहे. परंतु या प्रवासात एक बदलही झाला : वसतिगृहातील विद्यार्थी ज्या व्यवस्थेचा भागीदार होता, त्या व्यवस्थेत आता तो तासाचा मजूर झाला, काम कोणते, त्याची किंमत किती आणि ते बिघडले तर भरपाई कोणी करायची, हे निर्णय त्याच्या हाती राहिले नाहीत.

समांतर धारा : विद्यार्थ्यांचे उन्हाळी रंगकाम

नेमके हेच निर्णय विद्यार्थ्याच्या हाती देणारी पद्धती कॅनडात विकसित झाली. ऑन्टॅरियो प्रांतात ग्रेग क्लार्क या विद्यार्थ्याने १९७१ मध्ये आपल्या शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी घरे रंगविण्याचा धंदा सुरू केला आणि त्यातून ‘कॉलेज प्रो पेंटर्स’ ही संस्था उभी राहिली, जिने पुढे कॅनडा व अमेरिकेतील विद्यार्थ्यांना फ्रँचायझी देण्यास प्रारंभ केला; १९८९ मध्ये ती ‘फर्स्टसर्व्हिस’ या कंपनीच्या समूहात गेली. तिच्याच धर्तीवर अन्य विद्यार्थी-रंगकाम संस्थाही निघाल्या.

या व्यवसायाचे वर्ष शैक्षणिक वर्षाला जोडलेले असते. शरद ऋतूत महाविद्यालयांतून होतकरू विद्यार्थ्यांची निवड होते आणि हिवाळ्यात त्यांना अंदाजपत्रक काढणे, ग्राहकाशी बोलणे, कामगार नेमणे व हिशेब ठेवणे यांचे प्रशिक्षण मिळते. वसंतात, महाविद्यालय चालू असतानाच, तो विद्यार्थी शनिवार-रविवारी आपल्या नेमून दिलेल्या भागात घरोघर जाऊन कामे मिळवितो. परीक्षा आटोपल्यावर मे ते ऑगस्ट या कोरड्या व उबदार महिन्यांत प्रत्यक्ष रंगकाम होते, ज्यासाठी तो बहुधा आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांची टोळी उभी करतो. मिळालेल्या एकूण रकमेतील ठरलेला हिस्सा ‘रॉयल्टी’ म्हणून, म्हणजे नाव व पद्धती वापरण्याचे शुल्क म्हणून, मूळ कंपनीला जातो. साहित्य, मजुरी, वाहतूक आणि दुरुस्ती यांचा खर्च वजा जाता जे उरते ते त्या विद्यार्थ्याचे उत्पन्न ठरते.

रंगकामच या पद्धतीला मानवले, याला कारणे आहेत. त्यासाठी लागणारे भांडवल थोडे असते, शिडी, कुंचे, रोलर आणि घासकागद एवढ्यावर काम सुरू होते. मूलभूत कौशल्य काही आठवड्यांत हाती येते. काम थोड्या दिवसांत पुरे होऊन पैसा हाती पडतो. आणि केलेले काम रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत असल्यामुळे एका घराचे काम दुसऱ्या घरी शिफारस ठरते. या पद्धतीचे दोषही तितकेच खरे आहेत. वयाने लहान आणि अनुभवाने कच्चा विद्यार्थी अंदाज चुकवितो, पावसाने दिवस वाया जातात, नेमलेले सहकारी मध्येच काम सोडतात, आणि तरीही कंपनीचा हिस्सा एकूण रकमेवर मोजला जात असेल तर तोट्याचा भार एकट्या विद्यार्थ्यावर पडतो. म्हणून या व्यवसायात काही विद्यार्थी चांगले कमावतात, तर काहींना उन्हाळाभर राबून हाती फारसे काही लागत नाही.

दोन परंपरांची तुलना

साताऱ्याची परंपरा आणि कॅनडातील पद्धती यांच्या मुळाशी एकच परिस्थिती आहे : शिकू इच्छिणारा, हातात बळ असलेला, पण भांडवल नसलेला तरुण. दोन्ही ठिकाणी त्याला मिळते ती संस्थेची पत. ‘पत’ म्हणजे केवळ कर्जाची ऐपत नव्हे, तर अनोळखी माणसाने विश्वास टाकावा असे नाव. रयतच्या विद्यार्थ्याला समाजाने आधार दिला तो भाऊरावांच्या नावावर, आणि वीस वर्षांच्या अनोळखी मुलाला कॅनडातील घरमालक घराच्या भिंती सोपवितो तो कंपनीच्या नावावर. भेद असा की, साताऱ्यात मिळकत सामायिक होती आणि धोकाही सामायिक होता, तर कॅनडात मिळकत वैयक्तिक आहे आणि धोकाही वैयक्तिक आहे.

यातून असे दिसते की, विद्यार्थ्याच्या श्रमाला शिक्षणाचे मोल येण्यासाठी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. काम खरे असावे, म्हणजे कोणाला तरी त्याची गरज असावी; हिशेब विद्यार्थ्याच्या हाती असावा, म्हणजे किंमत ठरविणे, खर्च मोजणे आणि चुकीची भरपाई करणे त्याने स्वतः अनुभवावे; आणि मागे संस्थेची पत असावी, म्हणजे एका चुकीने त्याचे शिक्षण तुटू नये. शाहू बोर्डिंगच्या व्यवस्थेत पहिली व तिसरी अट भक्कम होती, आजच्या मानधन योजनेत तिसरी टिकून दुसरी दुबळी झाली आहे, आणि फ्रँचायझीत पहिल्या दोन अटी पुऱ्या होतात पण तिसरी अपुरी पडते. परंपरा पुढे न्यायची तर या तिन्ही अटी एकत्र आणाव्या लागतील.

बुऱ्हाणपूर : उन्हाळी रंगकामाची शक्यता

तापीच्या काठी वसलेल्या आणि फारुकी राजवटीपासून नांदत्या असलेल्या बुऱ्हाणपुराला भिंतीवरील रंगाचा वारसा आहे. येथील बादशाही किल्ल्यातील शाही हमामखान्याच्या छतांवर मोगल काळातील रंगीत नक्षी अद्याप पाहावयास मिळते. आजचे बुऱ्हाणपूर यंत्रमागांचे आणि केळीच्या व्यापाराचे शहर असून १५ ऑगस्ट २००३ पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय आहे. जुन्या पेठांतील विटा-चुन्याची व लाकडी सज्जांची घरे आणि नव्या वसाहतींतील सिमेंटची घरे अशा दोन्ही प्रकारच्या इमारती येथे असल्यामुळे रंगकामाच्या दोन भिन्न पद्धती एकाच शहरात शिकता येतात.

रंगकामाचा मुख्य हंगाम दसरा-दिवाळीपूर्वीचा असला, तरी दुसरा हंगाम आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आणि त्या सुमाराच्या लग्नसराईत येतो. शिवाय पावसाळ्याआधी बाहेरच्या भिंती झाकून घेण्याची निकडही असते. परीक्षा संपल्यापासून जूनच्या उत्तरार्धात पाऊस येईपर्यंतचे काही आठवडे विद्यार्थ्यांच्या सुटीशी जुळतात. मात्र कॅनडातील उन्हाळा आणि निमाड-खानदेशातील उन्हाळा यांत मोठा फरक आहे. येथे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि तापलेल्या भिंतीवर पाण्यात मिसळण्याचा रंग लावला तर तो एकजीव होण्याआधीच वाळतो, पट्टे उमटतात आणि थर नीट धरत नाही. म्हणून पूर्वेच्या भिंती दुपार ढळल्यावर आणि पश्चिमेच्या भिंती सकाळी घेणे, चुन्याचा वा सिमेंट रंगाचा हात देण्यापूर्वी भिंत पाण्याने ओलवणे आणि भर दुपारी घरातील खोल्यांचे काम करणे, असा दिवसाचा क्रम बांधावा लागतो.

कामाचे टप्पेही शिकण्यासारखे आहेत. प्रथम जुन्या रंगाचे पोपडे खरवडून काढावयाचे, ओल कोठून येते ते शोधावयाचे, भेगा व खड्डे पुट्टीने, आणि लाकडावर लांबीने, म्हणजे सांधे बुजविणाऱ्या लगद्याने, भरावयाचे. मग घासकागदाने पृष्ठभाग सारखा करून प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, द्यावयाचा. आणि त्यानंतर रंगाचे दोन हात मारावयाचे. नवशिका उतावळा होऊन पहिल्या टप्प्यात वेळ वाचवितो आणि त्याची किंमत पुढील पावसाळ्यात ग्राहकाला मोजावी लागते. जुना रंग घासताना नाका-तोंडावर मुखपट्टी आवश्यक आहे, कारण जुन्या रोगणांत शिसे असू शकते; भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले, त्यामुळे त्याआधी रंगविलेल्या भिंतींबाबत सावधगिरी बाळगली पाहिजे. परांचीवर, म्हणजे उंच कामासाठी बांधलेल्या मचाणावर, अननुभवी विद्यार्थ्याला चढवू नये, आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाच या कामात घ्यावे.

या व्यवसायाचा खरा धडा अंदाजपत्रकात आहे. भिंतींचे मोजमाप ब्रासमध्ये, म्हणजे १०० चौरस फुटांच्या एककात, घेऊन त्यातून दारे-खिडक्या वजा करावयाच्या, भिंतीच्या अवस्थेनुसार साहित्य धरावयाचे आणि मग दिवस मोजावयाचे. उदाहरणादाखल २०,००० रुपयांचा ठेका घेतला, साहित्याला ८,००० रुपये लागले आणि तिघांना प्रत्येकी रोज ६०० रुपये याप्रमाणे पाच दिवसांची मजुरी ९,००० रुपये झाली, तर ३,००० रुपये उरतात; परंतु ओल लक्षात न आल्यामुळे काम दोन दिवस लांबले, तर मजुरी ३,६०० रुपयांनी वाढते आणि शिल्लक राहण्याऐवजी ६०० रुपयांचा तोटा होतो. नफा आणि तोटा यांतले अंतर दोन दिवसांचे असते, हे गणित वाणिज्य शाखेच्या पुस्तकातही शिकता येते. पण स्वतःच्या वहीत ते एकदा उतरले की विद्यार्थी पुढच्या वेळी भिंतीला हात लावून, ठोकून, ओल तपासूनच भाव सांगतो.

हे काम स्थानिक कारागिरांची रोजी हिरावून घेणारे होऊ नये, ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे. प्रत्येक टोळीसोबत एक अनुभवी मिस्त्री शिक्षक म्हणून आणि योग्य मोबदल्यावर असावा. विद्यार्थ्याने त्याच्याकडून हातोटी शिकावी आणि त्याला मोजमाप, लेखी करार व हिशेब यांत साहाय्य करावे. नाव आणि पत यांसाठी परदेशी कंपनीची आवश्यकता नाही. महाविद्यालयाचे विद्यार्थी सहकारी मंडळ तीच भूमिका पार पाडू शकते. असे मंडळ शिड्या व साधने सामायिक ठेवील, आगाऊ रकमेची व्यवस्था पाहील, कामाच्या दर्जाची हमी देईल, आणि प्रत्येक ठेक्यातील थोडा हिस्सा राखीव निधीत टाकून ज्याच्या कामात तोटा आला त्याची फी त्यातून भरील. हा हिस्सा एकूण रकमेवर न घेता शिल्लक रकमेवर घेतला, तर तोट्यातील विद्यार्थ्यावर दुहेरी भार पडणार नाही; फ्रँचायझीचा दोष टाळून शाहू बोर्डिंगची सामायिकता राखण्याचा हा साधा उपाय आहे.

समारोप

रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासातून मिळणारा मुख्य बोध असा की, गरिबी ही विद्यार्थ्याची उणीव मानून त्याला मदत देण्यापेक्षा त्याच्या श्रमाला योग्य चौकट देणे अधिक टिकाऊ असते. ही चौकट १९२४ मध्ये वसतिगृहाची होती, १९४७ मध्ये महाविद्यालयाची झाली, पुढे ती विद्यापीठांच्या योजनांत उतरली. आता तिने महाविद्यालयाच्या आवाराबाहेर, शहरातील खऱ्या कामांपर्यंत पोहोचले पाहिजे. आवारातील कामे मोजकी असतात आणि विद्यार्थी पुष्कळ असतात, त्यामुळे केवळ मानधनावर ही परंपरा वाढू शकणार नाही; आणि शहरातील कामे विद्यार्थ्याने एकट्याने, पाठबळाविना घेतली तर पहिल्या तोट्यातच त्याचे धैर्य खचण्याचा संभव आहे.

म्हणून बुऱ्हाणपूरसारख्या शहरातील मराठी शिक्षणप्रेमींनी आणि येथील महाविद्यालयांनी सुरुवात लहान ठेवावी, एका उन्हाळ्यात थोडी घरे घ्यावीत, एका मिस्त्रीच्या हाताखाली एकच टोळी उभी करावी आणि तिच्या प्रत्येक ठेक्याचा हिशेब सर्वांना पाहता येईल असा ठेवावा. रंगकाम हे त्यासाठी निवडलेले एक उदाहरण आहे. नळजोडणी, विजेची दुरुस्ती वा केळीच्या मालाची प्रतवारी यांनाही हीच चौकट लावता येईल. महत्त्वाचे हे की, विद्यार्थ्याच्या हातात काम येताना त्या कामाची वहीही त्याच्याच हातात यावी आणि त्याच्या पाठीशी संस्था उभी राहावी. साताऱ्याच्या वसतिगृहात पाळी करणाऱ्या मुलांनी श्रमाची प्रतिष्ठा सिद्ध केली. त्या श्रमाचा हिशेब स्वतः राखणारी पिढी घडविणे, हे त्या कार्याचे पुढचे स्वाभाविक पाऊल ठरेल.